तीस वेळा ‘नाही’

शिवणकामाच्या त्या दुकानात सगळे तिला बटण म्हणत. सात वर्षं ती खिडकीखालच्या स्टुलावर बसून काजं करत आली होती, बटणं लावत आली होती. नाव पडलं आणि चिकटलं. स्वभावही तसाच, जिथे लावाल तिथे बसणारी. वहिनीची मुलं सांभाळायची आहेत? बटण आहे की. शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचंय? बटणला सांगा.

गंमत म्हणजे, तिला सगळ्यात जास्त राबवणाऱ्या वहिनीनेच तिचं नाव मुलींच्या वर्गात घातलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तो भरायचा. शिकवणाऱ्या ताई मोठ्या उत्साही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, आपल्या मुलींना नकार देता येत नाही आणि सगळं घोडं तिथेच अडतं. रोज आरशासमोर उभं राहून तीस वेळा म्हणायचं: नाही, मला जमणार नाही, आणि कारण सांगायला मी बांधलेली नाही. बटण कुठलंही काम नेटाने करणारी. महिनाभरात तिने एक दिवस चुकवला नाही. काजं करतानाही तिचे ओठ हलायचे.

दुकानात कापायचं काम मास्तरांचं. कापडावर खडूने आखायचं आणि कात्री चालवायची ती त्यांनीच. बाकीच्या बायका त्यांनी कापलेलं शिवायच्या. त्यांच्या टेबलाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे. पण वर्षभरापासून मास्तरांना खडूची एक रेघ दोन दिसू लागली होती. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या की बटण गुपचूप त्यांची आखणी सुधारून द्यायची. हे फक्त त्या दोघांना ठाऊक.

शाळांच्या गणवेशांचं काम तोंडावर आलं तेव्हा एका शुक्रवारी मास्तरांनी सगळ्यांदेखत कात्री तिच्यासमोर ठेवली आणि सोमवारपासून कापायचं तू बघ म्हणाले.

“नाही,” बटण म्हणाली. “मला जमणार नाही. आणि कारण सांगायला मी बांधलेली नाही.”

इतकं खणखणीत, की चारही मशिनी थांबल्या. मास्तरांनी कात्री उचलली, बरं म्हणाले, आणि पलीकडच्या बाजारातल्या एका कापणाऱ्याला सोमवारी यायचा निरोप धाडला. बटणचे कान तापले. ज्या टेबलाकडे ती सात वर्षं चोरून बघत आली होती त्यालाच तिच्या तोंडाने नकार दिला होता, आणि तो देताना तोंडाने तिला विचारलंही नव्हतं.

घरी आई म्हणाली, बरं झालं. बारा थर एकदम कापताना हात चुकला तर बारा पोरांचे सदरे वाया. वहिनीने कपाळाला हात लावला.

“अगं बाई, ‘नाही’ शिकून ये म्हटलं ते शेजारणीला म्हणायला. चालून आलेल्या कामाला नव्हे.”

“तुम्हाला म्हणायला चालेल?” बटणने खरोखरच विचारलं. वहिनीला एकदम चहाची आठवण झाली.

शनिवारी तिने ताईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकण्याआधीच वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. दिलेला नकार मागे घ्यायचा नाही म्हणाल्या, तिथेच आपण परत घसरतो. टाळ्या छान वाटल्या, जिना उतरेपर्यंत. मग रविवारभर तिच्या डोक्यात एकच भुंगा. त्या नकारामागे धीर होता की भीती? आता हो म्हटलं तर मास्तरांच्या शब्दाबाहेर न जाणारी जुनी बटण. नाहीवर अडून राहिलं तर ताईंच्या शब्दाबाहेर न जाणारी नवी. दोघींत आपण कोण, ते काही केल्या सापडेना. आरशासमोर गेली तर तेच वाक्य आपोआप तोंडात येऊ लागलं, म्हणून तिने आरशाकडे पाठच केली.

सोमवारी ती दुकान उघडताच हजर. मास्तर कापडाचे थर अंथरत होते. शुक्रवारचा नकार माझा होता की वर्गाचा, मला कळत नाहीये, असं तिने सरळ सांगून टाकलं. हो म्हणायचंय का, तेही कळत नाहीये.

“मग मी काय करू?” मास्तर वैतागले. “तो माणूस अकराला येतोय. त्याला सांगू का, बाईंना कळलं की कळवतो?”

“अकरापर्यंत थांबा. एवढी थप्पी मी कापून बघते, मग काय ते सांगते. आत्ता मला दोन्ही म्हणता येत नाहीये.”

या टेबलाला आजवर कुणी ताटकळत ठेवलं नव्हतं, असं काहीतरी पुटपुटत मास्तर बाजूला झाले. बटणने खडू उचलला. आजवर तिने आखलेलंच सुधारलं होतं; कोऱ्या कापडावर आधी पाठ आखावी की बाही, इथपासून गोंधळ. तिने वर पाहिलं, तर मास्तर मुद्दाम रस्त्याकडे बघत होते. तिने पाठ आखली, रेघ दोनदा पुसली, तिसऱ्यांदा ठेवली. कात्रीचा तो आवाज तिने सात वर्षं ऐकला होता; पण बारा थर हाताला असे अडतात, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. मनगट दुखू लागलं. तिने हाताची पकड बदलली आणि पुढे कापू लागली. सव्वानऊ वाजले होते.