दांडी सोडायला मी सांगितलं

सुरेखाताईंचं मनगट मोडलं ते माझ्यामुळे. ज्या प्रवाशाशी त्यांचं वाजलं, त्याने त्यांना हातही लावला नव्हता.

जळगावात मी बावीस वर्षं कराटे शिकवतो. धुळ्यातल्या बसच्या महिला कंडक्टरांना तीन दिवस सेल्फ डिफेन्स शिकवायला मला बोलावलं होतं. मी कराटेच शिकवलं. फक्त बॅनर बदलला.

सुरुवात स्टान्सने, म्हणजे उभं राहण्याच्या पद्धतीने. पाय फाकवलेले, कंबर ताठ, दोन्ही हात मोकळे. सुरेखाताई मात्र खुर्चीला टेकलेल्या, एक गुडघा खुर्चीलाच अडकवलेला, एक हात वर. नसलेली दांडी धरून.

"ताई, हे काय ढिसाळ उभं राहणं?"

"सर, आमनी गाडी हालस ना."

"मग समोरचा गाडी थांबायची वाट बघेल का?"

सगळ्या हसल्या. मला माझं वाक्य फार आवडलं. तिन्ही दिवस मी त्यांना दांडीचा हात सोडायला लावला, पाय फाकवून ताठ उभं केलं.

पुढच्याच आठवड्यात शिंदखेड्याच्या गाडीत एक दारुडा त्यांच्या अंगावर धावला. ताईंनी दांडी सोडून स्टान्स घेतला. आरडाओरडा ऐकून ड्रायव्हरने ब्रेक मारला. ताई थेट गिअरपाशी जाऊन पडल्या. दारुडा सीट धरून उभाच.

डेपो मॅनेजरचा फोन आला. मी म्हणालो, "सराव कमी पडला त्यांचा." तेच रिपोर्टमध्ये गेलं. हात त्यांचा मोडला आणि चूकही त्यांचीच ठरली.

झोप लागेना. एका सकाळी त्याच गाडीत चढलो आणि सीटांच्या मधल्या वाटेत स्टान्स घेतला. शेजारचे आबा म्हणाले, "भाऊ, दांडी धर. पडशी."

पहिल्याच वळणावर मी त्यांच्या वांग्यांच्या पिशवीवर बसलो.

"आते भरीतच करनं पडी," आबा म्हणाले.

माझ्या क्लासमध्ये जमीन हलत नाही, हात रिकामे असतात आणि समोरचा आधी वाकून नमस्कार करतो. कंडक्टरच्या एका हातात तिकिटाचं मशीन असतं. तिला कुणाला हरवायचं नसतं. उभं राहायचं आणि बेल ओढायची, एवढंच. ते त्यांना येत होतं. मी ते विसरायला लावलं.

मॅनेजरना चूक माझी असल्याचं लिहून दिलं. सगळ्या कंडक्टरांना पुन्हा त्याच हॉलमध्ये बोलवायला लावलं. ताई प्लास्टर घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोर ताठ उभा राहिलो.

"सर, टेका जरा," ताई म्हणाल्या. "पडशात."

मी खुर्चीला टेकलो.

"ताई, तुमचं उभं राहणं बरोबर होतं. चूक माझी. मला माफ करा."