नाताळच्या सिनेमापायी मी अनाथ झालो

माझी अक्कल किती, ते आज सांगूनच टाकतो. ऐकताना चहा नाकात गेला तर मला बोलू नका म्हणजे झालं!

नाताळच्या सुट्टीआधी नगरजवळच्या एका वसतिगृहात मुलांना सिनेमा दाखवायला गेलो. वसतिगृह म्हणजे अनाथाश्रम, हे मी परस्पर ठरवलेलं. विचारायचं कशाला? समाजाचं सगळं आपल्यालाच कळतं ना!

सिनेमा नाताळचाच. तीन अनाथ भावंडं, त्यांच्यासाठी भांडणारी दोन श्रीमंत कुटुंबं, बर्फ, झोपाळा, गुबगुबीत कुत्रा. आणि वर प्रश्न काय, तर बाळांनो, कुठलं घर हवं? माझं डोकंच फिरलं. अहो, आपल्याकडे अनाथाला साधी चादर निवडायला मिळत नाही! भावंडं घर निवडणार, तेवढ्यात मी सिनेमा बंद केला आणि भाषण ठोकलं.

"खोटं आहे हे सगळं! न्यायला कुणी येत नसतं. मला विचारा. मलाही कुणी नाही!"

शेवटचं वाक्य नुसतं जोर यावा म्हणून हो. शपथ!

सगळी पोरं माझ्याकडेच बघायला लागली. वा, काय परिणाम! मग पुढच्या रांगेतली ग्रेसी उठली. असेल सातवीत.

"दादा, कुनीच न्हाई? चुलता-बिलता?"

"कुणीच नाही." थांबावं कुठं, तेवढं सोडून सगळं येतं मला.

इतक्यात दारात बाया-बाप्यांची गर्दी झाली.

"हे कोण?"

"आमचे आई-बाप. सुट्टीला न्यायला आल्यात. शाळंसाठी ऱ्हातो आमी हितं."

काय चेहरा झाला असेल माझा!

मी खुलासा करेपर्यंत ग्रेसीनं मिरजगावहून आलेल्या आपल्या आईला सगळं सांगूनही टाकलं. माउलीचे डोळे भरले. "चल लेकरा, नाताळ आमच्यात कर. करंज्या केल्यात."

"तुमच्यातच का?" दुसरी बाई पुढं सरसावली. "आमचं घर मोठं हाय. शेरडं हायत."

"भांडता कशाला? पोरालाच इचारा की, कुठं यायचं त्ये!" मागून कुणीतरी ओरडलं.

घ्या! आता घर मी निवडायचं! खरं सांगायला तोंड उघडलं, तर कुणीतरी त्यात करंजी कोंबली. आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा माझा मोबाईल वाजला. वर मोठ्या अक्षरांत 'आई'.

ग्रेसीनं तो उचलला, स्पीकरवर टाकला. "काकू, ह्यो दादा म्हनतो, त्याला कुनीच न्हाई."

केडगावहून आईचा शांत आवाज आला, "असं म्हणाला का? मग घेऊन जा गं बाई. परत मात्र आणून सोडायचा नाही!"