बनवणाऱ्यानं बोलायचं नाही

आमच्या मंडळाचा नियम एकच होता, आणि तो मी केलेला होता. ज्याचा कोर्स पडद्यावर लागेल त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे वाट्टेल ते बोलतील. त्यानं वहीत उतरवून घ्यायचं आणि शेवटी फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं. या नियमाचा मला काय गर्व होता म्हणून सांगू! आज तो आठवला की आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मंडळ कसलं, ते आधी सांगते. कंपनीत माणूस लागला की त्याला संगणकासमोर बसवून कोर्स करायला लावतात. आग लागली तर काय करावं, यंत्राजवळ कसं उभं राहावं, असले. आतला आवाज बोलत राहतो, माणूस ‘पुढे’चं बटण दाबत राहतो, शेवटी पाच प्रश्न आणि प्रमाणपत्र. हे कोर्स बनवणारी जमात म्हणजे आम्ही. हे काम नीट शिकवणारं आमच्या वेळी कुणी नव्हतं. मी छापखान्यासाठी मुद्रितं तपासायचे, तिथून इकडे आले. कुणी शाळेतून आलं, कुणी इंजिनिअरिंगमधून. हिंजवडीत जो तो आपापल्या टेबलाशी एकटाच चुकत बसलेला. म्हटलं, एकत्र बसू, एकमेकांचं बघू, शिकू. फी नाही, अध्यक्ष नाही. महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी थेरगावला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, बस्स.

ते ‘बस्स’ मला आठ वर्षं पुरलं. सेक्रेटरीकडून किल्ली आणायची तर त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. खुर्च्या मी मांडायच्या, मीच उचलायच्या, गणपतीच्या सजावटीचं सामान बाजूला सारून पडदा मीच लावायचा, आलेले कोर्स सगळ्यांना उघडतील अशा मंडळाच्या फोल्डरमध्ये मीच ठेवायचे. फोनवरच्या ग्रुपात ‘नक्की येतो’ म्हणणारे ढीगभर, आणि दारात उभे राहणारे आठ-नऊ. उरलेल्यांना नोकरी बदलायची असली की माझी आठवण यायची. नवरा म्हणायचा, “कशाला नसत्या उचापती करतेस?” मी म्हणायचे, “तुला नाही कळायचं.” त्याला बरोब्बर कळलं होतं.

पण नियम मी काही उगीच केला नव्हता. सुरुवातीला जो तो आपल्या कोर्सची वकिलीच करत बसायचा. “अहो, ते क्लायंटनंच सांगितलं होतं”, “अहो, वेळच नव्हता”. मी म्हटलं, शिकणारा माणूस पडद्यासमोर एकटा असतो, तिथं तुम्ही समजवायला जाणार आहात का? नाही ना? मग इथंही गप्प बसा. सगळ्यांना पटलं. आम्ही त्या बैठकीला ‘चिरफाड’ म्हणायचो, आणि दर चिरफाडीनंतर कोर्स सुधारलेला दिसायचा. नियम चांगलाच होता, हे मी आजही म्हणेन.

ती आमच्याकडे आली ती चाकणहून, दोन बस बदलून. तिशीतली, तिथल्याच एका जुन्या गावची. मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर अकरा वर्षं उभी होती. मोठाली यंत्रं, पत्रा सरकवायचा, बटण दाबायचं, धाडकन दाब बसतो. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, माजा उजवा कान गेल्यात जमा हाय. डॉक्टर म्हणले, मशीनपासून लांब व्हा, न्हाईतर डावाबी जाईल. कंपनीत ट्रेनिंगरूमला जागा निगालीये. मोठं साहेब म्हणले, नव्या मुलांसाठी कोर्स करून दाव, मशीनच्या लाईनवर चालला तर तुला घेतो.” कोर्स कसा करायचा हे ती मोबाइलवर बघून बघून शिकली होती. मी हुरळून गेले. मंडळ काढलं ते अशाच माणसांसाठी, असं मी त्या दिवशी घरी दहा वेळा बोलून दाखवलं.

पुढच्या शनिवारी तिचा कोर्स लागला. आवाजच नाही! आम्ही स्पीकरची वायर काढून घातली, पुन्हा लावून पाहिलं, आवाज नाहीच. पडद्यावर नुसते हात. एका माणसाचे, काळे, तेलकट, डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून तुटलेली. ते हात खुणा करतात: थांब, मागं सर, पत्रा असा धर, आता दाब. मध्येच चेहऱ्याचा खालचा भाग तेवढा दिसतो, अंगठा मिशीवरून फिरवल्यासारखा ओठावरून फिरतो, आणि पुढची खूण. शेवटी तो डावा हात पडद्यावर नुसता उघडा राहतो, बराच वेळ. शब्द एक नाही.

आमच्यात एक सर होते. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत प्रशिक्षण विभागाचे प्रमुख, रावेतला उंच इमारतीत राहायचे, पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. आम्हाला त्यांचा मान फार. ते म्हणाले, “कोर्स मुका आहे. निवेदन हवं, चांगल्या आवाजात. आणि तो हात काढा, अंगावर येतो. माणसाला घाबरवून शिकवायचं नसतं.” मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. रंग बटबटीत. हात स्वच्छ हवेत. ‘पुढे’चं बटण निवेदन संपेपर्यंत बंद ठेवा, म्हणजे कुणी उड्या मारत जाणार नाही. नाकानं कांदे सोलायला आम्ही नऊजण पुरे होतो. आमच्यापैकी एकानंही जन्मात प्रेसशॉप आतून पाहिलं नव्हतं.

तिनं हात वर केला. “पन तितं...” एवढंच म्हणाली. मी ओठावर बोट ठेवलं आणि हसत म्हणाले, “नियम! बनवणाऱ्यानं बोलायचं नाही.” सगळे हसले. तीही हसली, मान खाली घालून लिहायला लागली आणि शेवटी ‘धन्यवाद’ म्हणाली.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण मला चेव आला होता. पुढचे दोन रविवार तिला घरी बोलावून, जेवायला घालून, मी स्वतः तिच्या शेजारी बसून तो कोर्स बदलला. माझ्या ओळखीच्या एका निवेदकाचा आवाज घेतला, असा गोड की ऐकतच राहावं. हात काढून चित्रं घातली. बटणाला कुलूप घातलं. ओठावरच्या अंगठ्याचं विचारलं तर ती खुदकन हसली. “त्याचा अर्थ सायेब आला. लाईनीवर आमी असंच एकमेकाला सांगतो. पोरं हसली की मग बगत्यात.” मी म्हटलं, काढ बाई, प्रमाण खूण नाही ती. तिनं काढली. एकदा चहा पिताना ती म्हणाली, “ताई, पन आवाजाचं...” मी म्हटलं, “आवाजाची तू काळजीच सोड, एकदम झकास झालाय.” तिनं चहा संपवला आणि पुन्हा संगणकाशी जाऊन बसली. खोटं कशाला सांगू, तिला काय म्हणायचंय ते विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चाचणीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. लाईनच्या कडेला पडदा लावला होता, कारण कोर्स तिथंच, उभ्या उभ्या बघायचा असतो. मोठे साहेब आले. दहा नवी मुलं समोर उभी. मागे प्रेस चालू, धाड धाड, कानात बोळे घातलेले. माझा गोड निवेदक बोलत होता आणि कुणालाही एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ‘पुढे’चं बटण दाबलं तर दाबलं जाईना, कारण निवेदन संपायचं होतं. दहा मुलं एका चित्राकडे बघत उभी. साहेबांनी घड्याळ बघितलं, तिच्या कानाशी येऊन ओरडले, “असले आपल्याकडे चिकार आहेत की!” आणि गेले.

“म्हंजे तिथे आवाज ऐकूच येत नाही?” मी विचारलं. हे मी विचारलं! ज्या बाईचा कान तिथं गेला, तिला!

“न्हाई ना, ताई. म्हनून तर आमी हातानं बोलतो,” ती म्हणाली. “आदी मी बारा जनांना मुका दाखवला व्हता. कुनी नजर हलवली न्हाई. आन ते हात ज्याचे हायेत त्यानंच सांगितलं व्हतं, माजा हात दाव म्हनून. त्या दिवशी हेच सांगनार व्हते.”

मी म्हटलं, “अगं, मग साहेबांना जुना दाखव ना!” ती म्हणाली, साहेब एकदाच बघतात. दुसऱ्या दिवसापासून ती परत प्रेसवर. मंडळात मी सांगितलं, तिचं काही जमलं नाही. सगळ्यांनी अरेरे केलं आणि पुढचा कोर्स लावला. मीच लावला.

ती पुन्हा आली नाही. वर्ष गेलं. मंडळाचा वार्षिक मेळावा सरांनी त्यांच्या कंपनीच्या सभागृहात घेऊ दिला. एसी, गुबगुबीत खुर्च्या, आणि त्या भरायला त्यांच्याच कंपनीतली माणसं. आमच्या हॉलला कंटाळलेली मी नुसती भारावले. सरांच्या नव्या कोर्सचं सगळीकडे कौतुक चाललं होतं, म्हणून प्रमुख भाषण त्यांचंच ठेवलं. दिवे मंद झाले. पडद्यावर दोन हात आले. गोरे, नखं कापलेले, दहाच्या दहा बोटं शाबूत. शब्द नाही. थांब. मागं सर. पत्रा असा धर. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं. तरी मी स्वतःला सांगत होते, असू शकतं, एकच गोष्ट दोघांना सुचू शकते. एवढ्यात चेहऱ्याचा खालचा भाग दिसला, त्या गोऱ्या हाताचा अंगठा मिशीवरून फिरवल्यासारखा ओठावरून फिरला आणि खाली अक्षरं उमटली: ‘सावध राहा’.

साहेब आला! अहो, साहेब आला म्हणतोय तो! अर्थ न विचारता उचललेला. शेपाचशे माणसांच्या त्या सभागृहात ही गंमत कळणारी मी एकटी, आणि मला हसूही येईना. कुणीतरी विचारलं, कल्पना कशी सुचली? सर म्हणाले, “निरीक्षण. शिकणाऱ्याच्या जागी जाऊन बसावं लागतं.” टाळ्या. मग शाल-श्रीफळ. ते द्यायला मंचावर कोण? मीच. मी शाल पांघरली, नारळ दिला, फोटोला हसले. माझ्या नियमानं मला गप्प बसवलं असं लिहायला सोयीचं आहे, पण ते झूट आहे. पुढच्या वर्षीचं सभागृह जाईल म्हणून मी गप्प बसले.

चार दिवसांनी धीर करून फोन केला. सर जराही वरमले नाहीत. “अहो मॅडम, तुमच्याच फोल्डरमध्ये होतं की. ‘इथलं सगळं सगळ्यांचं’ असं तुम्हीच वर लिहिलंय.” लिहिलं होतं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्या फोल्डरमध्ये तिचा कोर्स ठेवणारीही मीच. त्याच आठवड्यात मी मंडळ बंद केलं. ग्रुपवर रडक्या चेहऱ्यांच्या खूप इमोजी आल्या, आणि एकानं विचारलं, आता नोकरीच्या जाहिराती कुठे टाकायच्या.

मग एका दुपारी पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला चाकणला गेले. गेटबाहेर चहाच्या टपरीशी उभी राहिले. ती मैत्रिणींबरोबर आली, मला बघून थांबली. मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहून बोलायला लागले, तशी तिनं मला दंडाला धरून समोर आणलं आणि माझ्या ओठांकडे बघू लागली. तेव्हा मला कळलं की आता डावाही चाललाय.

मी सगळं सांगितलं. सरांचा कोर्स, गोरे हात, अंगठा, फोल्डर, शाल, नारळ. एकही गोष्ट लपवली नाही. “चुकलं गं माझं,” म्हटलं, “तुला बोलू द्यायला हवं होतं.” मोठमोठ्यानं बोलत होते, टपरीवरचे लोक वळून बघत होते. बोलता बोलता रडायला लागले, तर ओठ नीट दिसेनात म्हणून तिनं माझ्या तोंडापुढचा रुमाल खाली केला. मला वाटत होतं, ही आता चिडेल, दोन शिव्या घालेल. घालाव्यात अशी माझी फार इच्छा होती. “बोल ना काहीतरी,” मी म्हटलं.

तिनं माझं बोलणं पुरतं संपलंय ना, हे माझ्या ओठांवर पाहून घेतलं.

“धन्यवाद,” ती म्हणाली. मग पिशवी खांद्याला लावून मैत्रिणींकडे गेली. त्यांनी तिला हातानंच काहीतरी विचारलं. तिनं अंगठा ओठावरून फिरवला, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघून गप्प झाल्या.