शेवटच्या कडव्यातलं नाव

माझी आणि शेवंताताईंची ओळख माझ्या अक्षरामुळे झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. तुर्भ्याच्या वस्तीत भिंतीला भिंत लागून नव्यानंच राहायला आलेल्या त्या आमच्या दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, "वैनी, तुमच्या पोरीचं अक्षर चांगलं हाय म्हनं. घटकाभर द्या की उसनी."

शेजारचे गंगाधरमामा बाजारात गोणी उचलता उचलता भीमगीतं बांधत, पण त्यांना लिहिता येत नसे. ते सांगत, मी वहीत उतरवत असे आणि ताई गात. रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफायची आमच्याकडची रीत.

ताईंचे यजमान गेलेले, पदरी दोन मुलं. तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यात त्या पावडर भरत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की ते काम आणि गळा, दोन्हींपैकी एकच टिकेल. अशात एका कॅसेट कंपनीचं बोलावणं आलं.

वाशीतल्या त्यांच्या रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत मामा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मॅनेजरनी मला बाहेर नेऊन बजावलं, कवी म्हणून मालकांच्या मेहुण्यांचं नाव लिही, नाहीतर कॅसेट विसरा. मला ताईंचा खोकला आठवला. मी मामांचं नाव खोडलं.

ताईंनी पान उलटलं आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. ढोलकी सुरू झाली. शेवटचं कडवं आलं, त्यांनी गंगाधर हेच नाव घेतलं. रेकॉर्डिंग थांबलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मालक स्वतः आत आले, मेहुण्यांचं नाव घ्या म्हणाले आणि तळोज्याची नोकरी किती दिवस झेपेल, असं ताईंना शांतपणे विचारू लागले.

मामाच म्हणाले, "घाल की गं त्यांचं. मला कोन वळकतं?"

"ज्यानं बांधलं त्याचं नाव काडलं, तर मी गायचं कुनाचं?" एवढं बोलून ताई उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पावडरीत उभ्या राहिल्या. संध्याकाळी नवी वही घेऊन माझ्याकडे आल्या. "मामांनी नवं बांधलंय. लिही." मला वाटलं, आता विषय काढतील. त्यांनी काढला नाही.

पुढचे नऊ महिने भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकत मी झोपत असे. मग एका लहान कंपनीनं एकही शब्द न बदलता गाणी घेतली. वर्षभरात ती कॅसेट पनवेलपासून बीडपर्यंत जयंतीच्या मंडपांत वाजू लागली आणि ताईंचा कारखाना सुटला. नावड्याच्या कार्यक्रमात शेवटची ओळ लोकांनीच उचलली. शेकडो तोंडी आपलं नाव ऐकून मामा खाली मान घालून बसले होते.

वहीत ते नाव कोणी खोडलं, हे मामांना अखेरपर्यंत कळलं नाही. ताईंनी कळू दिलं नाही. आज त्या साठीच्या झाल्या, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. मोठ्या गायिका म्हणून त्यांच्याविषयी इतर जण लिहितीलच. ताई, ते मी खोडलं होतं, हे मला तुमच्या साठीनिमित्तच्या या गौरव अंकात सगळ्यांसमोर लिहायचं होतं.

तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. धुळीतले कार्यक्रम आता घेऊ नका. ऐकणार नाही, ठाऊक आहे, तरी सांगते.