पेयोचा कळप आणि मारिसाचं तिकीट

नेदरलँड्समधल्या आल्मेरेहून सकाळची आगगाडी धरली, झ्वोलाला बदलली आणि आसनला उतरले. विणकामासाठी मला कच्ची लोकर हवी होती आणि तिथल्या एका मेंढपाळाने फोनवर ‘या’ म्हटलं होतं. पुढच्या बसमधून मी एक थांबा आधीच उतरले आणि अर्धा तास चिखल तुडवला. दोन्ही बाजूंना हाइड (झुडपी माळरान), तपकिरी आणि सपाट.

तो मेंढपाळ, पेयो, साठीचा. मूळचा बास्क, म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला. विशीत इथे दुसऱ्याची मेंढरं राखायला आला; आता कळप स्वतःचा. माझे पाय बघून त्याने आधी रबरी बूट दिले, मग लोकर दाखवली.

जेवायला त्याची मुलगी मारिसाही होती. तिची आई दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामची, आता हयात नाही. त्या आईचे वडील डच आणि आई लोकोनो (तिथले मूळ रहिवासी). त्यामुळे टेबलावर बापाने रांधलेली घेवड्याची उसळ आणि मुलीने भाजलेली कसावाची (एका कंदाची) भाकरी. भाकरी कडक, उसळीत भिजल्यावर छान लागली.

मारिसा पुढच्या आठवड्यात सुरिनामला निघाली होती. तिथे नदीकाठच्या गावात तिची आजी एकटी आहे, थकलेली. आजीच्या भाषेतले मारिसाला जेमतेम वीस शब्द येतात. मेंढरांचं कोण बघणार, असं मी विचारलं. पेयोने निम्मा कळप विकायला काढला होता, आणि मुलीला ते पटलेलं नव्हतं.

“विकतोस कशाला, बाबा? वर्षभरात मी परत येते,” ती म्हणाली.

पेयोने चमचा खाली ठेवला. “तारीख देऊ नकोस. मी माझ्या आईला दोन वर्षं सांगितली होती. तिने ती मोजली.”

मारिसा त्याच्याजवळ सरकून बसली. नंतर अंगणात तिने मला सांगितलं, की पेयो गावी गेला तो थेट स्वतःच्या आईच्या दफनालाच.

निघताना त्याने मला गाडीने आसन स्टेशनवर सोडलं. पोत्यातल्या लोकरीचा वास डब्यात इतका पसरला, की शेजारचे गृहस्थ उठून दुसरीकडे बसले. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली. नाशिकहून आई दर रविवारी विचारते, कायमची कधी येणार. मी दर वेळी काहीतरी मुदत सांगते. लेलीस्टाड स्टेशन गेल्यावर मी तिला फोन लावला.

“आई, मी कायमची परत येईन असं मला वाटत नाही.”

ती म्हणाली, “बरं केलंस सांगितलंस. आता मीच येऊन जाते. दादाला माझ्या पासपोर्टचं बघायला सांग.”