उजवा कमी वाजतो

मी इअरबडच्या तीन जोड्या बदलल्या, कारण तिन्हींचा उजवा बड कमी वाजत होता. कंपन्या वेगळ्या, दुकानं वेगळी, दोष मात्र तिन्हींत एकाच बाजूला. एखाद्या शहाण्या बाईच्या डोक्यात इथेच काहीतरी प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात पडला तो असा, की स्वस्तातला माल करणारे लोक उजव्या बाजूला काटकसर करतात. तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते, म्हणजे अल्लडच म्हणायची.

सुरुवात झाली बहिणीच्या फोनमुळे. ती धाकटी, नागपूरला असते. तिचा फोन संध्याकाळी यायचा, नेमका माझ्या पोळ्यांच्या वेळी. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून मी पोळ्या लाटायचे, आणि नंतर मान आखडली म्हणून सगळ्यांना वेठीला धरायचे. एक दिवस नातीने स्वतःच्या कानातून दोन पांढऱ्या बिया काढून माझ्यापुढे धरल्या.

"आजी, तू पण घे ना यार. हात फ्री राहतात."

नात तेव्हा नववीत होती. जन्म नोएडाचा, शाळा नोएडाची, त्यामुळे तिची मराठी चालता चालता हिंदीत पाय घसरून पडते. मी तिचे शब्द दुरुस्त करायचे. ती "अच्छा, अच्छा" म्हणायची आणि पुन्हा तसंच बोलायची. आजीला यार म्हणू नये, हेही मी तेव्हा सांगून पाहिलं होतं.

महागाची जोडी घ्यायची नाही, एवढं मी ठरवूनच टाकलं. जी वस्तू कधीही वरणात पडू शकते तिच्यात फार पैसे का घालावेत? पहिली जोडी नातीने ऑनलाइन मागवून दिली आणि मी तिची परीक्षा सुरू केली. परीक्षा माझ्या पद्धतीची होती. पिठाच्या डब्यात वाकलं की कानातून सुटते का? कुकरची शिट्टी चालू असताना बहिणीचं बोलणं कळतं का? पंखा लावला तर तिला माझं बोलणं कळतं का? (ती म्हणाली, "ताई, तू विहिरीत उतरलीस का?") बडला नुसतं बोट लागलं तरी फोन कट व्हायचा. कानामागे केस सारायची मला जुनी खोड, त्यामुळे बहीण बोलता बोलता दोनदा तुटली आणि दोनदा रुसली. आवाजात ढोल जास्त, म्हणून ती बोलू लागली की आमचे मेहुणे बोलताहेत असं वाटायचं. मालिका पाहावी तर तोंड आधी हलायचं आणि बोलणं मागून यायचं. पण रबरी टोप्या कानाला रुतत नव्हत्या, डबीत ठेवली की ती पुन्हा ताजीतवानी व्हायची, आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. मी तिला पास केलं.

मग थंडी आली. धुक्याची एक सकाळ होती, समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती. मी रोजच्यासारखी फोनवर देवाची वंदना लावली आणि ती फक्त डावीकडून ऐकू आली. उजवीकडे काहीतरी होतं, पण शेजारच्या फ्लॅटमध्ये लावल्यासारखं. शिवाय त्याच बाजूला एक बारीक 'सूं' असा आवाज, शिट्टीआधी कुकरची वाफ सुटते तसा. मी बड पुसला, जुन्या टूथब्रशने त्याची जाळी घासली, तो पुन्हा चार्ज केला. काही फरक नाही. 'सूं' मात्र बड काढून ठेवल्यावरही चालूच होतं. त्याला मी सर्दी असं नाव दिलं, लसणाचं तेल कोमट करून कानात सोडलं, वर कापूस लावला आणि विषय संपवला.

नातीने तक्रार टाकली. कारण काय लिहू, म्हणाली. मी सांगितलं, लिही, उजवा कमी वाजतो.

पैसे परत आले तसे घेऊन दुसरी जोडी आणायला मी स्वतः दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात गेले. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा निम्मा संसार झाला. त्यामुळे त्या बाजारात मला कोणी फसवू शकत नाही, असा माझा जुना समज आहे. हा समज, मी तिथून दोन्ही डाव्या पायाच्या चपला घेऊन घरी आले त्या दिवशीही होता. पंचविशीत होते. भाव करण्यात एवढी रंगून गेले, की पायात घालून बघायचं राहिलं. त्या पंचविशीतल्या पोरीला निदान घरी आल्यावर तरी कळलं होतं.

टपरीवाल्याने बड आधी स्वतःच्या कानात घालून बघितले.

"माताजी, दोनों बराबर हैं."

"तुमको तो बराबर ही लगेंगे बेटा, तुमको बेचने हैं."

तो हसला, बड शर्टाला पुसून माझ्या हातात ठेवले. बाजाराच्या गोंगाटात मला काही ठरवता येईना. घरी येऊन पाहिलं, उजवा कमी. तिसरी जोडी आमच्या सेक्टरच्या मार्केटमधून घेतली, तिचाही उजवा कमी. एव्हाना मी या विषयातली जाणकार झाले होते. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बायकांना सांगायचे, घ्यायचे असतील तर उजवा बघून घ्या, सगळी लबाडी उजव्यात असते. बायका माना डोलवायच्या. एकीने तर माझ्या शब्दाखातर तिच्या सुनेची चांगली चालू जोडी परत करायला लावली.

याच दिवसांत आमचे हे पुटपुटायला लागले. जेवताना आणि टीव्हीपुढे ह्यांची जागा माझ्या उजवीकडे. बोलतात ते ऐकूच येईना. मी म्हटलं, "अहो, कवळी सैल झालीय तुमची. शब्द तोंडातच राहतात." ह्यांनी आरशासमोर उभं राहून बोलून पाहिलं. मग कोणाला न सांगता दातांच्या डॉक्टरकडे जाऊन कवळी घट्ट करून आणली. त्यानंतरही मी तेच म्हटलं, तेव्हा पुन्हा गेले. हिरडी सोलवटली होती ह्यांची. आठवडाभर मऊ भात खात होते, आणि मी विचारत होते की आज खिचडीच का हवी.

पुढचं सांगताना चेष्टा जरा बाजूला ठेवते.

मार्केटच्या रस्त्यावर मी भाजीला निघाले होते. डोक्यावरून शाल घेतली होती. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं आणि कोणीतरी माझी शाल मागून एवढ्या जोरात ओढली की मी फुटपाथवर बसलेच. समोरून एक ई-रिक्षा गेली, उजवीकडून आलेली. चालवणारा मागे वळून काहीतरी ओरडत होता. शाल ओढणारी मुलगी माझ्या मुलाच्या वयाची असेल.

"आंटी, कितना हॉर्न दिया उसने. ये कान से निकालिए पहले. सड़क पर कौन लगाता है?"

मी ओशाळून मान हलवली आणि बड काढायला दोन्ही हात शालीखाली नेले. कानांपर्यंत पोचले ते हात तिथेच राहिले. कानांत काही नव्हतं. डबी पर्समध्ये होती.

भाजी न घेता मी घरी आले आणि पलंगावर बसले. मला आठवत होती माझी आई. शेवटी तिला ऐकू येईना, तेव्हा आम्ही तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलायचो. तिला कुठे ठेवायचं, कोणी ठेवायचं, सगळं. ती आमच्या तोंडांकडे बघत बसायची आणि कोणी हसलं की मागून हसायची. मीही तिच्यासमोर बोलले आहे. मला तेव्हा ते वाईट वाटलं नव्हतं, सोयीचं वाटलं होतं.

तरी मी शेवटचा एक प्रयत्न केला. नात शाळेतून आल्यावर तिसरी जोडी तिच्या कानात घातली.

"उजवा कमी वाजतो की नाही?"

"दोन्ही सेम आहेत."

"नीट ऐक."

"आजी, बिल्कुल सेम."

मग तिने माझ्याकडे जरा बघितलं. कानातला उजवा बड काढला आणि माझ्या डाव्या कानाशी धरला. उलट बाजूला तो बसत नाही, म्हणून नुसता चिकटवून. गाणं खणखणीत ऐकू आलं. ज्या बडच्या नावाने मी सोसायटीभर बोंब मारत होते, तो ठणठणीत होता. तिने तो बाजूला ठेवला, डावा बड घेतला आणि माझ्या उजव्या कानाशी धरला. दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी केलं आणि भुवया उंचावल्या.

"आलं?"

"आलं," मी म्हटलं. "छान आहे गाणं."

तिने फोनचा पडदा माझ्याकडे वळवला.

"आजी, मी पॉज केलंय."

मी तिचा हात धरला आणि शक्य तेवढ्या करड्या आवाजात सांगितलं, "हे बाबांच्या कानावर घालू नकोस."

"नाही घालणार."

"नक्की?"

"पक्का. प्रॉमिस."

तिने बड डबीत ठेवले आणि डबी स्वतःच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. डबी का नेली, ते मला कळलं नाही. कळून घ्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा ऑफिसचे कपडे न घालता, गाडीची किल्ली घेऊन माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला.

"आई, चल."

"कुठे?"

"कान दाखवायला."

मी नातीकडे पाहिलं. ती शांतपणे टोस्टला जॅम लावत होती. काल शपथ घेतली आणि आज असा चेहरा. गाडीत मी वाटभर मनातल्या मनात तिला झोडपलं.

दवाखान्यात मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं. डावीकडची परीक्षा झाली. मग काहीच येईना. आता उजवीकडची चालू असणार हे ओळखून मी अंदाजाने बटण दाबत राहिले. थोड्या थोड्या अंतराने, नैसर्गिक वाटेल असं. काचेपलीकडची मुलगी आत आली आणि माझ्या डाव्या कानापाशी वाकून म्हणाली, "माताजी, जब सुनाई दे तभी दबाना है. मैंने तो बजाना कब का बंद कर दिया."

दोन दिवसांत दोन पोरींनी मला एकाच जागी पकडलं.

डॉक्टरांनी आलेख बघून विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, पहिल्या जोडीपासून. त्यांना कळलं नाही, मुलाला कळलं. डॉक्टर सावकाश बोलत होते. एखाद्याचा कान असा अचानक बसतो. तेव्हा लगेच आलात, तर औषधाने बरंच परत येऊ शकतं. आता एवढे दिवस गेलेत, औषध देतो, पण मी खात्री देत नाही. डावा सांभाळा.

मुलाने चष्मा काढला आणि पुसत बसला. चष्मा स्वच्छच होता.

"आई, तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. सगळ्या सोसायटीला सांगत होते."

तो हसला नाही. मलाही ते बोलून झाल्यावर हसू आलं नाही.

औषधांनी थोडं परत आलं. दरवाजा आपटला तर कळतो, माणसाचं बोलणं कळत नाही, आणि ते 'सूं' अजून आहे. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी कवळीवरून एकदा जीभ फिरवली. मग विचारलं, "म्हणजे माझे दात ठीक होते?" आणि उठून स्वतःची खुर्ची माझ्या डावीकडे आणून ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे. बहिणीचा फोन आला की मी एकच बड लावते. दुसरा डबीत पडून असतो, नवाकोरा, त्याचा काही दोष नसताना.

पण दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. नात माझ्या पलंगावर येऊन बसली, तशी मी तिला धरलंच. म्हटलं, "मी तुला काय सांगितलं होतं? बाबांच्या कानावर घालू नकोस म्हटलं होतं ना? आणि तू वचन दिलं होतंस." ती काहीतरी बोलली. ती उजवीकडे होती, मला फक्त ओठ हललेले दिसले. मी बघत राहिले, माझी आई बघायची तशी. मग ती उठली, पलंगाला वळसा घालून माझ्या डावीकडे आली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "नाही घातले ना बड, आजी. डबी माझ्या कपाटात लॉक आहे, बाबांनी बघितली पण नाही. मी त्यांना फक्त सांगितलं, की तुला ऐकू येत नाही."