दमानं सर

आमच्या सरांना काही विचारलं की ते लगेच उत्तर देत नसत. समोरच्याचं बोलणं खरंच संपलंय, अशी खात्री होईपर्यंत थांबत. रोज बोरीहून एस.टी.ने येत, कंडक्टर "कुठं?" म्हणून खेकसला तरी हे आपले शांत. परभणीत स्पीच थेरपी शिकणाऱ्या आम्हा सहा मुलींनी त्यांचं नावच 'दमानं सर' ठेवलं होतं. दिवसातून दहादा ते म्हणत, "दमानं, पोरी. घाई कुणाला हाय?"

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात वर्गात एक जुना कंप्युटर आला. सरांनी दोन महिने खपून त्यात एक पेशंट घातली. कमलाबाई. शेतकऱ्याघरची, लकव्यानंतर वाचा गेलेली. आपण प्रश्न निवडायचा. मग काळ्या पडद्यावर बराच वेळ नुसते हिरवे ठिपके सरकत आणि इंग्रजी अक्षरांत मराठी उत्तर अर्धंमुर्धं उमटे. विहीर म्हणायचं असेल तर, 'पाणी... खाली... ते'. मध्येच दुसरं बटण दाबलं की पडदा कोरा आणि त्यावर एवढीच ओळ: 'कमलाबाई गप्प झाल्या.'

माझ्या हातून त्या नेहमीच गप्प होत.

"सर, मशीन अडकलंय."

"अडकलं न्हाई. ती शब्द हुडकायलीय."

मग ठिपक्यांकडे बघता बघता मला गुंगी आल्यासारखं होई. वाटे, लांबच्या ज्वारीतून कुणीतरी बाई वाकून काही शोधत चालली आहे. तरी बोट आवरत नसे. परीक्षेत तीनदा पडदा कोरा झाला, तेव्हा मी सरांना म्हणाले, "मला नाही जमायचं. सोडते मी."

त्यांनी आधी कंप्युटर बंद केला. मग म्हणाले, "उद्या माझ्यासंगं बोरीला चल."

अंगणात उन्हाला बाजेवर एक बाई बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित.

"ही कमला," सर म्हणाले. "माझी मंडळी."

मी चरकले. चार वर्षं तिचे तुटके शब्द त्यांनी वहीत टिपून ठेवले होते. तेच आम्ही पडद्यावर वाचत होतो.

सर पाणी आणायला आत गेले. मी तिच्याजवळ बसून नाव विचारलं. ती लिंबाकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. उन्हं तिच्या पायांवरून सरकली. आपण काय विचारलं होतं तेही मी विसरून गेले. नाव तिने सांगितलंच नाही. डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"पोरी... भा... भाकर... खाल्ली?"

दारात सर तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. डोळे भरून आले होते.

"आजारी पडल्यापासून हिनं आपणहून कुणाला काई इचारलं न्हवतं," ते म्हणाले. मग अगदी हळू, "मशीनमदी मी हिला नुसती उत्तरं दिली. एक प्रश्न न्हाई दिला."

"नाही खाल्ली," मी तिला म्हणाले.

तशी ती बाजेची कड धरून उठायला लागली.